चौकड्यांच्या कागदावरचा आवाज

सोलापूरच्या साखर पेठेतील आमच्या घराची मागची भिंत शेजारच्या कारखान्याचीही भिंत आहे, आणि त्या कारखान्यात टॉवेल विणणारे आठ माग आहेत. होम थिएटरच्या रिसीव्हरसोबत, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या पेटीसोबत, आलेला छोटा मायक्रोफोन मी पहिल्यांदा सोफ्यावर उभा केला आणि खोलीत आवाज कसा घुमतो याची मोजणी सुरू केली, तेव्हा टीव्हीवर उमटलेल्या संदेशाचे मला खरे तर आश्चर्य वाटायला नको होते: खोलीत गोंगाट फार आहे, मोजणी शक्य नाही. रात्री दीड वाजता पुन्हा प्रयत्न केला, तर रात्रपाळी जोरात होती. एकदा भर दुपारी वीज गेली, माग एका क्षणात गप्प झाले आणि मी घाईघाईने रिसीव्हर इन्व्हर्टरवर जोडला. पण त्या ओबडधोबड विजेवर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मरच असा घुमू लागला की मागांची उणीव भासली नाही. शेवटी ही मोजणी झाली ती जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी. निम्मे शहर संमती कट्ट्याकडे लोटले होते, पेठेतले माग बंद होते, आणि सिद्धरामेश्वरांच्या लग्नाला न जाता मी पंखा बंद करून, श्वास रोखून घरात बसलो होतो. आई हे अजून बोलून दाखवते.

या खटाटोपाच्या मुळाशी अप्पांचा आणि माझा एक जुना वाद आहे. अप्पा ८१ वर्षांचे आहेत. ऐंशीच्या दशकात घेतलेला एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेयर आणि दीडेकशे तबकड्या एवढा त्यांचा ऐवज. मी आणलेल्या रिसीव्हरला त्यांनी पहिल्या दिवसापासून दूरच्या पाहुण्यासारखे वागवले; मान दिला, जवळ केले नाही. त्यांचा आक्षेप एका वाक्याचा होता. "डिजिटल म्हणजे आवाजाचे तुकडे. तुकडे करून परत जोडलेला आवाज म्हणजे रफू केलेलं धोतर. लांबून चालतं, हाताला कळतंच की."

"अप्पा, तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत?" असे मी विचारले, आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

कारण अप्पांनी छत्तीस वर्षे चादरीच्या जेकार्डचे ग्राफ काढले. चादरीवरचा मोर आधी साध्या कागदावर हाताने, वळणदार रेषेत काढला जाई आणि मग बारीक चौकड्यांच्या कागदावर उतरवला जाई. त्या कागदावर उभी ओळ म्हणजे ताणा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. चौकोन रंगवला तर तिथला ताणा वर उचलायचा, कोरा ठेवला तर खाली राहू द्यायचा. प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड पंच होई, आणि कार्डात भोक आहे की नाही यावर मागावरचा हुक ताणा उचलायचा की नाही हे ठरे. जोसेफ मारी जाकार याने ही युक्ती १८०४ साली फ्रान्समध्ये सिद्ध केली, आणि संगणकाच्या इतिहासात तिला मानाचे पान मिळाले ते याच 'हो किंवा नाही'मुळे. एका अर्थाने आमच्या घरात डिजिटल प्रक्रिया रिसीव्हरच्या कितीतरी आधी आली होती; ती रंगाने माखलेल्या बोटांनी केली जात होती, एवढेच.

ही उपमा मला इतकी आवडली होती की बरेच दिवस मी ती भेटेल त्याला ऐकवत असे. पुढे लक्षात आले की ती एका जागी फसते, आणि नेमकी जिथे फसते तिथेच अप्पांच्या आक्षेपाचे उत्तर आहे. चादरीवरच्या मोराची मान जवळून पाहिली तर ती पायऱ्यापायऱ्यांची असते. लांबून ती वळणदार दिसते, कारण डोळा पायऱ्या मिटवून टाकतो. डिजिटल ध्वनीबद्दलही आपण असेच चित्र मनात धरतो, की मूळ लहर वळणदार, तिच्या पायऱ्या केल्या आणि कान त्या पायऱ्यांकडे दुर्लक्ष करतो. प्रत्यक्षात स्पीकरपर्यंत पायऱ्या पोचतच नाहीत. हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये ज्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये जे नीट मांडले, त्या सिद्धांतानुसार एखाद्या लहरीतील सर्वांत उंच स्वराच्या दुपटीहून अधिक वेळा तिचे नमुने घेतले, म्हणजे ठरावीक क्षणांना तिची उंची मोजली, तर त्या नमुन्यांच्या बिंदूंमधून त्या मर्यादेतली एकच एक वळणदार रेषा जाऊ शकते, दुसरी नाही. आणि डिजिटलचे पुन्हा ॲनालॉग, म्हणजे आकड्यांची पुन्हा अखंड लहर, करणारी चिप तिच्यापुढच्या गाळणीसह तीच रेषा काढते. म्हणजे चौकड्यांचा कागद पाहून मागाने मोराची मूळ, हाताने काढलेली मान विणावी, असा हा प्रकार आहे. अप्पांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असा माग असता तर आम्हाला पगार कोणी दिला असता?"

माणसाचा कान, तोही तरुण माणसाचा, साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत, ऐकतो, म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने पुरेसे ठरले. हा आकडा असा विचित्र का, याचे उत्तर अप्पांना मात्र मनापासून आवडले. त्या काळी डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेपच वापरत, आणि तिच्यावर चित्राच्या एका ओळीत ३ नमुने, अशा २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा बसत. गुणाकार केला की ४४,१०० येतात. "म्हणजे शेवटी ओळीच," असे म्हणून त्यांनी हिशेब स्वतः करून पाहिला. प्रत्येक नमुन्याची उंची सीडीवर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एकीवर लिहिली जाते. त्यात होणारी बारीकशी चूक अगदी हलक्या सुसकाऱ्याच्या रूपाने शिल्लक राहते, आणि तो सुसकारा सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबल खाली असतो. चांगल्या तबकडीला यातले ६० ते ७० डेसिबल साधतात. आमच्या पेठेत दोन्ही आकडे सारखेच निरुपयोगी आहेत, कारण दिवसा भिंतीतून येणाऱ्या खटखटीखाली दोहोंचे सुसकारे कधीच गाडलेले असतात.

डिजिटलवर राग काढायचाच असेल, तर तो नमुन्यांवर नव्हे, काटकसरीवर काढावा. सीडीवरचे डावा-उजवा असे दोन चॅनल सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट खातात. डीव्हीडीवरच्या डॉल्बी डिजिटलला सहाच्या सहा चॅनलसाठी जास्तीत जास्त ४४८ मिळतात. मोठ्या आवाजाखाली दबून कानाला एरवीही कळले नसते असे मानून पुष्कळसे तपशील तिथे टाकून दिले जातात, आणि त्याची किंमत टाळ्यांच्या कडकडाटात किंवा पावसाच्या आवाजात कधीकधी कळते. ब्लू-रेवरच्या ट्रू-एचडीसारख्या पद्धतींत असे काहीही टाकले जात नाही. दोन्हींना आपण 'डिजिटल' याच एका नावाने हाक मारतो, हा गोंधळ मूळ वादापेक्षा मोठा आहे.

डॉल्बीचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते, आणि १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली, तिचे पहिले काम टेपमधला सुसकारा कमी करणे हे होते. सारा जन्म नको असलेला आवाज काढून टाकण्यात घालवलेल्या या माणसाचे नाव आज आमच्याकडे मिरवणुकीतल्या, खिडक्यांच्या काचा थरथरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीला दिलेले आहे. पेठेतल्या कोणालाही 'डॉल्बी' म्हणजे काय विचारा, तो कानावर हात ठेवून दाखवील.

आता रिसीव्हरच्या आत काय घडते ते पाहू. अप्पांच्या रेकॉर्ड प्लेयरमधून येणारा संकेत जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो, आणि तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला व तारस्वर मुद्दाम चढवलेला असल्यामुळे तो आधी उलट दिशेने सावरावा लागतो. हे काम रिसीव्हरमधला फोनोचा भाग ॲनालॉग पद्धतीनेच करतो. त्यानंतर वाट फुटते. नेहमीच्या वापरात हा संकेत डिजिटल केला जातो, प्रोसेसरमध्ये त्यावर गणित होते, तो पुन्हा ॲनालॉग होतो, मग आवाजाची पातळी ठरते आणि शेवटी पॉवर ॲम्प्लिफायर तो स्पीकरकडे ढकलतो. 'डायरेक्ट' नावाचे बटण दाबले तर मधली गणिताची गल्ली टाळून संकेत सरळ पुढे जातो. शेवटचा ॲम्प्लिफायर बहुतेक रिसीव्हरांत ॲनालॉगच असतो, आणि ज्यांत 'क्लास डी' लिहिलेले असते त्यांतही त्या 'डी'चा अर्थ डिजिटल नसतो. ए, बी, सी यांच्यानंतरचे अक्षर म्हणून तो आला. थोडक्यात, स्पीकरचा पडदा आणि खोलीतली हवा यांच्यापर्यंत पोचताना प्रत्येक आवाज ॲनालॉगच होतो. वाद फक्त मधल्या मुक्कामाचा आहे.

हा मधला मुक्काम पूर्वी ॲनालॉग होता, आणि तो सोपा नव्हता. १९८२ मध्ये घरोघरी आलेल्या डॉल्बी सराउंडमध्ये आणि १९८७ च्या प्रो लॉजिकमध्ये जास्तीचे चॅनल दोनच वाहिन्यांत दडवून ठेवलेले असत आणि रिसीव्हरमधील मंडलांना ते वजाबाकी करून सोडवावे लागत. मागच्या स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा पोचावा लागे, म्हणजे समोरचा आवाज आधी कानावर पडे. हा उशीर घडवण्यासाठी जी चिप वापरत, तिचे नावच 'बादल्यांची रांग' अशा अर्थाचे होते: विजेचा भार एका कॅपॅसिटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतला जाई. सोलापूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. टँकरपासून दारातल्या पिंपापर्यंत हातोहात बादल्या गेल्या की प्रत्येक हातात थोडे पाणी हिंदकळते; तसा त्या रांगेत सुसकारा वाढे आणि तारस्वर झिजे. गंमत अशी की या चिपमध्ये आकडे नव्हते, पण ठराविक ठोक्यांवर घेतलेले नमुने मात्र होते. म्हणजे ज्या जुन्या रिसीव्हरांना आज शुद्ध ॲनालॉग म्हणून मिरवतात, त्यांच्यातल्या काहींच्या पोटात तुकडे करण्याचे काम तेव्हाही चालू होतेच. आज हाच उशीर स्मृतीत काही आकडे थांबवून ठेवले की मिळतो, आणि काहीही सांडत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने असतील, तर एक नमुना थांबवणे म्हणजे स्पीकर ७ मिलिमीटर मागे सरकवणे.

पण मला डिजिटलच्या बाजूला ओढले ते यातल्या कशानेही नाही, आमच्या हॉलने ओढले. हॉल १४ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. खाली शहाबादी फरशी, चहूबाजूंना टणक भिंती. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लहर नेमकी बसते, तो स्वर त्या खोलीत माजतो. आमच्या लांबीत तो ४० हर्ट्झचा आहे, त्याची दुप्पट ८०, आणि रुंदी व उंची सारखीच असल्यामुळे ५६ हर्ट्झ दोन दिशांनी एकदम माजतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे जिथे हे सगळे सर्वाधिक जमा होते तिथेच आम्ही बसणार. तबल्याच्या रेकॉर्डमध्ये डग्ग्यावर मनगट घासले की एका ठरावीक जागी खोली स्वतःच हुंकार द्यायची आणि पुढची दोन अक्षरे त्या हुंकारात बुडायची.

मी आधी घरगुती उपाय केला आणि अप्पांच्याच हातच्या दोन जाड चादरी मागच्या भिंतीवर टांगल्या. टाळी वाजवल्यावर भिंतींमध्ये जी तडतड उठायची ती त्यांनी खरोखर मिटवली. खर्जावर परिणाम शून्य, कारण ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते आणि तिला अडवायला कापडाची जाडी मीटरांत हवी. तेवढ्या चादरी लावल्या तर आम्हाला बसायला व्हरांड्यात जावे लागले असते. इथे प्रोसेसर उपयोगी पडतो. मायक्रोफोनने आठ जागी मोजून तो ठरवतो की सोफ्यावर कोणता स्वर किती फुगला आहे, आणि तेवढाच तो आधीच दाबून पाठवतो. ॲनालॉग मंडलांनी हे करायचे तर प्रत्येक उंचवट्यासाठी वेगळी गाळणी बांधावी लागेल आणि सोफा हलवला की ती सगळी पुन्हा बांधावी लागेल.

अर्थात खड्डा कोणालाच भरता येत नाही. एकदा मी सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर आणून पाहिला, तर तिथे ४० हर्ट्झ जवळजवळ गायबच झाला. तिथे थेट आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर एकमेकींना खोडतात. आवाज वाढवला तर दोघी सारख्याच वाढतात आणि सारख्याच खोडल्या जातात, तापतो फक्त ॲम्प्लिफायर. यावर उपाय सोफा उचलण्याचा. आम्ही तो मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे घेतला, आणि हॉलमध्ये चालायला जागा उरली नाही म्हणून आईने आणखी एक गोष्ट बोलून दाखवण्याच्या यादीत घातली. (जानेवारीत केलेली ही मोजणी मे महिन्यात तंतोतंत खरी उरत नाही हेही खरे. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर धावणारा आवाज सोलापूरच्या ४२ अंशांत ३५६ च्या आसपास जातो, आणि सगळे आकडे तीनचार टक्क्यांनी वर सरकतात. उन्हाळ्यात आमच्याकडे घाई करणारा तेवढा एकच.)

अप्पांना पटवायला मी परीक्षा ठेवली. एकच रेकॉर्ड, एकदा 'डायरेक्ट', एकदा खोलीदुरुस्तीसह. त्यांनी पहिल्याच फेरीत 'डायरेक्ट' निवडले आणि मी हिरमुसलो; मग तेच म्हणाले, "पण तू त्याचा आवाज वाढवलास की रे." मी वाढवला नव्हता, पण फुगलेले स्वर दाबल्यामुळे दुरुस्तीचा आवाज तीनचार डेसिबल खाली गेला होता, आणि एखाददुसऱ्या डेसिबलचा फरकही कानाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. दुकानांत होणाऱ्या अर्ध्याअधिक तुलना इथेच नासतात. दोन्ही पातळ्या फोनवरच्या मापकाने सारख्या करून पाच फेऱ्या घेतल्या. डग्ग्यासाठी अप्पांनी चार वेळा दुरुस्ती निवडली. एका गायिकेच्या रागदारीच्या रेकॉर्डवर मात्र ते अडून बसले. "खर्ज साफ झाला, पण बाई लांब गेली. मघाशी ती इथं बसली होती," असे म्हणून त्यांनी समोरची खुर्ची दाखवली.

त्या रात्री मी सेटिंग उघडून पाहिले, तेव्हा प्रोसेसरने वरच्या स्वरांनाही बरेच कापले-जोडले होते असे दिसले. तिथल्या लहरी इतक्या आखूड असतात की मान वळवली तरी मोजणी बदलते, आणि त्या जागी केलेली दुरुस्ती अनेकदा खोलीची नसून चांगल्या स्पीकरच्या स्वभावाचीच असते. ३०० हर्ट्झच्या वर हात लावू नकोस, असे मी यंत्राला सांगितले. दुसऱ्या दिवशी बाई खुर्चीत परतल्या. हे मला कुठल्याही पुस्तिकेने नव्हे, ग्राफ काढणाऱ्या माणसाने शिकवले: किती चौकोन रंगवायचे यापेक्षा कुठले कोरे सोडायचे हे महत्त्वाचे.

एका बाबतीत अप्पांचा विजय निर्विवाद आहे. त्यांचा ॲम्प्लिफायर चाळीस वर्षांत दोनदा बिघडला, आणि दोन्ही वेळा पेठेतल्याच मेकॅनिकने कॅपॅसिटर बदलून तो परत दिला. माझा रिसीव्हर मात्र तिसऱ्या पावसाळ्यात विजेच्या एका झटक्याने आंधळा झाला; सेवा केंद्राने सहा आठवडे ठेवून घेतला आणि अख्खे बोर्ड बदलावे लागेल म्हणून जी रक्कम सांगितली, तीत चांगला सेकंडहँड रिसीव्हर आला असता. मी मुकाट्याने पैसे भरले. अप्पा काही बोलले नाहीत, फक्त त्या सहा आठवड्यांत त्यांनी रोज संध्याकाळी न चुकता रेकॉर्ड लावली.

अप्पांच्या कानांविषयीही सांगितले पाहिजे. ग्राफ काढायचे असले तरी त्यांची खोली मागांच्या शेडलाच लागून होती, आणि शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. अशा आवाजाने कान आधी जातो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास, जिथे स, श, त, क यांची धार असते. त्यामुळे त्यांना संवाद ऐकू येतात, कळत नाहीत. ॲनालॉग की डिजिटल यावर आम्ही इतका वेळ घालवला, पण घरात सर्वांत जास्त वापरली जाणारी सोय निराळीच आहे: चित्रपट लावला की मधल्या स्पीकरचा आवाज चार डेसिबल वर आणि त्यातली व्यंजने थोडी पुढे. पूर्वी प्रत्येक वाक्यानंतर "काय म्हणाला?" असे विचारणारे अप्पा आता मध्यंतरापर्यंत गप्प बसतात.

रिमोटवर या दोन्ही मांडण्या मी दोन बटणांना बांधून दिल्या आहेत. एक नंबर चित्रपटाचे, खोलीदुरुस्तीसह. दोन नंबर रेकॉर्डचे, 'डायरेक्ट', कारण रेकॉर्डवर कोणी गणित केलेले त्यांना अजूनही खपत नाही. गेल्या रविवारी मी कामावरून आलो तेव्हा रेकॉर्ड चालू होती, अप्पा डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले होते, आणि रिसीव्हरच्या काचेवर एक नंबर दिसत होता. "आज बरा लागतोय," डोळे न उघडता ते म्हणाले. मी बटण बदलले नाही आणि काही सांगितलेही नाही. तसेही त्या दिवशी मागांना सुट्टी होती.